दिलेली खुर्ची

(कळस, ता. इंदापूर इथं वस्तीतल्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे, फक्त पाल्हाळ कापला.)



मी भाषण करणारा माणूस नाही. मुंबई बंदरात ठेकेदाराच्या हाताखाली माल उतरवतो. लोखंडाच्या कॉइली, डाळीची पोती, जे येईल ते. दहावी पास आहे. रात्री कविता लिहितो, त्या छापणारे तुमच्याआमच्यासारखेच कडके आहेत. पण कळसला बोलव म्हटल्यावर नाही म्हणता आलं नाही. आमचा आजा इथला. १९७२ च्या दुष्काळात पत्र्याची पेटी घेऊन इथनं निघाला तो थेट धक्क्यावर जाऊन लागला. तो म्हणायचा, "गावाचं नाव कळस, पर आपलं घर पायथ्याला."

त्याच १९७२ साली याच तालुक्यात बावड्याला आपल्या लोकांवर बहिष्कार पडला. बहिष्कार म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. दळण बंद, दुकान बंद, मजुरी बंद, बोलणं बंद. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती आणि बावड्याचा माणूस गावात असून गावाबाहेर होता. त्या बातम्यांनी मुंबईतली पोरं पेटली आणि त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरनं. म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या दुःखाला नाव सापडलं समुद्रापलीकडं. म्हणून मी आज आफ्रिकेबद्दल बोललो तर "ह्ये काय नवीनच" असं म्हणू नका. आपली रीतच तशी आहे.

मला हा विषय धक्क्यावर मिळाला. डर्बनकडनं आलेलं जहाज लागलं होतं. जेवणाच्या सुट्टीत एक म्हातारा मुकादम म्हणाला, "आमच्या वेळंला त्या मुलखाचा माल हितं लागत नव्हता रं. बंदीच व्हती." मी विचारत गेलो, मग वाचनालयात बसलो. खरंच होतं. १९४६ मध्ये भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, जगात सगळ्यात आधी. पुढं चाळीसहून जास्त वर्षं तो तुटलेलाच होता. तिथल्या वर्णभेदाबद्दल आपल्या सरकारला केवढी चीड! बावड्याबद्दल तेवढी असती तर आपण आज इथं बसलो नसतो. असो.

गोऱ्यांनी तिथं काय केलं होतं ते आधी सांगतो. देशाची जमीन शंभर एकर धरा. १९१३ च्या कायद्यानं त्यातली सातेक एकर काळ्यांना ठेवली. १९३६ मध्ये ती वाढवून तेरा करायचं ठरवलं. माणसं मात्र शंभरातली सत्तर-पंचाहत्तर काळी. उरलेल्या सत्त्याऐंशी एकरांत काळा माणूस फक्त कामापुरता. खिशात पास पाहिजे, नाहीतर तुरुंग. आणि त्या तेरा एकरांचे दहा तुकडे पाडले, एकेका भाषेचा, एकेका टोळीचा वेगळा तुकडा. त्याला नाव दिलं होमलँड, म्हणजे मायभूमी. किती गोड नाव! आपल्याकडं महारवाड्याला राजवाडा म्हणायचे ना, तसंच. राजा कुठंय म्हणून कुणी विचारायचं नाही.

मग १९७० मध्ये कायदा केला की प्रत्येक काळा माणूस कुठल्या ना कुठल्या मायभूमीचा नागरिक. त्यानं ती कधी डोळ्यानं पाहिलेली असो वा नसो. जोहान्सबर्गच्या खाणीत ज्याच्या बापानं छाती फोडून घेतली, त्याला सांगायचं, बाबा रे, तू इथला नाहीस, तू तिकडचा. पुढचा डाव सोपा होता. एकेका तुकड्याला "स्वातंत्र्य" द्यायचं आणि त्या लोकांचं देशाचं नागरिकत्व काढून घ्यायचं. ट्रान्सकेईला १९७६ मध्ये दिलं, बोफुथात्स्वानाला १९७७, वेंडाला १९७९, सिस्केईला १९८१. झेंडा, गाणं, पंतप्रधान, मोटारी, सगळं दिलं. जगातल्या एकाही देशानं त्यांना देश म्हटलं नाही. देणारा तेवढा म्हणत होता.

ज्यांनी ते घेतलं ते पुढारी कोण होते? आपलेच. म्हणजे त्यांचेच, काळेच. मातांझिमा, मांगोपे, म्फेफू, सेबे. १९५१ च्या एका कायद्यानं सरकारनं टोळीच्या मुखियांना पगारी करून ठेवलं होतं. पगार सरकारचा, दरारा सरकारचा, आणि सरकारविरुद्ध बोलला तर मुखियागिरी काढून घेणारंही सरकारच. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना हे पटकन कळेल. वतन म्हणजे हेच. पाटलाला पाटीलकी, आपल्याला येसकराची काठी आणि तुकडाभर जमीन. तुकडा तोंडात असला की तोंड उघडत नाही.

आता ज्या माणसासाठी एवढा फेरा मारला त्याच्याकडं येतो. त्या दहांपैकी एक तुकडा स्वाझी लोकांचा. नाव कांग्वाने. स्वाझीलँडच्या सरहद्दीला चिकटलेला डोंगराळ मुलूख. आजूबाजूच्या पाण्याखालच्या जमिनीत गोऱ्यांचा ऊस आणि मालेलेनला साखर कारखाना. ऊस त्यांचा, कोयता यांचा. इंदापूरकरांना याहून जास्त काय सांगू?

तिथं १९७६ मध्ये सरकारनं प्रादेशिक सत्ता म्हणून एक मंडळ बसवलं, पुढं विधानसभा दिली. मुखियांचा एक गट राजघराण्याशी सलगी असलेला. त्यांच्यासमोर उभा राहिला ईनॉस माबुझा, पेशानं शिक्षक. १९७८ मध्ये त्यानं इन्यांड्झा नावाची चळवळ काढली आणि तो त्या मायभूमीचा प्रमुख झाला. म्हणजे गोऱ्यांनी केलेल्या खुर्चीत बसला. अर्थसंकल्प प्रिटोरियाचा, शाळा-दवाखाना चालवायचा पैसा प्रिटोरियाचा. त्याच्याच देशातली लढाऊ पोरं म्हणत होती की या खुर्चीत बसणं हीच गद्दारी. स्टीव्ह बिकोचं म्हणणं तेच होतं, की आपला माणूस त्यात बसला म्हणजे खोट्याला खरेपणा मिळतो. त्या बिकोला पोलिसांनी १९७७ मध्ये कोठडीत मारला. त्यामुळं हे म्हणणं हलकं समजून बाजूला ठेवता येत नाही. मलाही पहिल्यांदा वाचताना माबुझा दलालच वाटला होता.

पण १९८२ मध्ये काय झालं ऐका. प्रिटोरियानं जाहीर केलं की कांग्वाने आणि शेजारचा इंग्वावुमा हा पट्टा आम्ही स्वाझीलँडच्या राजाला देऊन टाकतो. राजा सोभुझा म्हातारा, इंग्रजांनी आणि बोअरांनी रेघा मारून त्याचा मुलूख कापला होता हे खरंच होतं, आणि तो परत मिळवायचं त्याचं जन्माचं स्वप्न होतं. इंग्वावुमा मिळाला की त्याला समुद्रही मिळत होता. बदल्यात गोऱ्यांना काय? लाखो काळ्यांचं नागरिकत्व एका सहीत संपत होतं, मतदार म्हणून त्यांची भीती कायमची जात होती. शिवाय त्याच वर्षी दोन सरकारांत गुपचूप करार झाला होता की आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या लढवय्यांना स्वाझीलँडमध्ये थारा द्यायचा नाही. तो करार बाहेर आला १९८४ मध्ये.

बघा, मोह केवढा होता. भाषा एक, रक्त एक, राजा आपल्या जातीचा. "चला, आपल्या माणसांत चला." कुणाला वाईट वाटेल? पण त्या आपल्या राजानं १९७३ मध्येच राज्यघटना गुंडाळून ठेवली होती, राजकीय पक्षांवर बंदी घातली होती. आणि कांग्वानेच्या लोकांना कुणी विचारलंच नव्हतं. बैलबाजारात दोघं रुमालाखाली बोटं दाबून किंमत ठरवतात, बैलाला विचारतात का?

माबुझानं नाही म्हटलं. सरकारनं लगेच त्याची विधानसभाच बरखास्त केली. खुर्ची देणाऱ्यानं खुर्ची ओढून घेतली. तेव्हा त्याच्यामागं लोक राहिले, आणि तो गोऱ्यांच्याच कोर्टात गेला. इंग्वावुमाचा खटला क्वाझुलूनं लढवला, तो वरच्या कोर्टापर्यंत जिंकला. कांग्वानेच्या बाबतीत सरकारनं तडजोड केली आणि वर्ष संपायच्या आत विधानसभा परत दिली. मग एका निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमला, तो घोळत राहिला, आणि १९८४ मध्ये सरकारनं सगळा बेतच सोडून दिला. राजा सोभुझा तर १९८२ च्या ऑगस्टमध्येच वारला होता. १९८४ मध्ये कांग्वानेला स्वशासन मिळालं, ते माबुझानं घेतलं. स्वातंत्र्य मात्र घेतलं नाही, शेवटपर्यंत नाही. १९८६ मध्ये आपले लोक घेऊन तो झांबियात लुसाकाला गेला आणि बंदी असलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या पुढाऱ्यांना उघड भेटला. पगार प्रिटोरियाचा आणि भेट कुणाशी! त्याच वर्षी ऑक्टोबरात मोझांबिकचा अध्यक्ष समोरा माशेल याचं विमान पडलं ते कांग्वानेतल्याच म्बुझिनीच्या डोंगरावर. कसल्या आगीच्या शेजारी ही खुर्ची होती ते यावरनं कळेल.

१९९१ मध्ये त्यानं पद सोडलं. २७ एप्रिल १९९४ ला दहाही मायभूम्या संपल्या, सगळ्यांनी एका देशाचे नागरिक म्हणून मत दिलं. माबुझा १९९७ मध्ये गेला. पुढं तो उद्योगधंद्यात शिरला होता हेही सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल पोरगं पोवाडा गातंय.

आता घरी येतो. खरं तर घरचंच बोलायला आलोय.

बाबासाहेब पहिल्यांदा कायदेमंडळात कसे गेले? मुंबई सरकारनं नेमलेले सभासद म्हणून, १९२७ मध्ये. निवडून नाही, नेमलेले. गव्हर्नरनं दिलेली खुर्ची! तिच्यावर बसून त्यांनी १९२८ मध्ये कुठलं बिल आणलं? वतनाविरुद्धचं. ज्या इंग्रज सरकारनं खुर्ची दिली त्याच सरकारचं गावगाड्यातलं फुकट राबवून घेणं मोडायला ते उठले. बिल मागं घ्यावं लागलं, वतन कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. पण नेमणाऱ्याला पहिल्याच फेरीत कळलं की हा माणूस आपला नाही.

मग १९३२. ऑगस्टात इंग्रजांनी अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. आपला प्रतिनिधी आपण निवडायचा, आणि शिवाय सर्वसाधारण जागेवरही मत द्यायचं. गांधीजी येरवड्याला उपोषणाला बसले. येरवडा काय लांब नाही, आपल्याच जिल्ह्यात. २४ सप्टेंबरला करार झाला. प्रांतांमधल्या जागा एकाहत्तरच्या एकशे अठ्ठेचाळीस झाल्या. आकडा दुप्पट झाला आणि हातातली किल्ली गेली. आधी आपले लोक चार उमेदवार निवडणार, मग त्या चारांतला एक सगळ्या गावानं निवडायचा. गाव कुणाला निवडणार? चारांत जो मान खाली घालून बोलतो त्याला. १९४६ च्या निवडणुकीत शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचं काय झालं ते बघा. आपल्या मतांनी पुढं आलेले गावाच्या मतांनी पाडले. खुद्द बाबासाहेबांना घटना समितीत जायला बंगालचं दार ठोठवावं लागलं. १९५२ मध्ये मुंबईत पडले, १९५४ मध्ये भंडाऱ्यात पडले. ज्यानं घटना लिहिली त्याला राखीव जागेवर लोकसभेत जाता आलं नाही. आणि त्या जागांवर कोण गेले? नावं घेत नाही, तुम्हालाही आठवणार नाहीत. तीच गोष्ट.

मघाशी इकडं बसलेल्या एका पोरानं बैठकीआधी मला गाठून विचारलं, "दादा, १९४२ मध्ये नागपूरला फेडरेशननं वेगळ्या वसाहती मागितल्या होत्या. मग ते होमलँडच झालं की!" प्रश्न झणझणीत आहे, मी एसटीत बसूनही त्यावर विचार केला नव्हता. वेगळं गाव आम्ही मागितलं होतं, आम्हाला हाकलून दिलेलं नव्हतं, हा पहिला फरक. सरकारच्या पडीक जमिनीवर कसण्यापुरती जमीन द्या, म्हणजे गावाच्या भाकरीवर जगायला नको, ही मागणी होती. आणि त्या वेगळ्या गावातला माणूस याच देशाचा पुरता नागरिक राहणार होता, मत इथंच, हक्क इथंच. होमलँडमध्ये जमीन नापीक आणि नागरिकत्व गायब. पण पोरा, तुझ्या प्रश्नात काटा आहे. समजा ती गावं झाली असती आणि सरकारनं प्रत्येकात एक पगारी पुढारी बसवला असता, तर? मग फरक तुझ्यामाझ्यावरच राहिला असता.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते. तीही दिलेलीच खुर्ची, आणि त्या दिवसांत लोक त्यांना इंग्रजांचे हस्तक म्हणत होते. त्याच खुर्चीवरनं १९४३ मध्ये सरकारी नोकऱ्यांत आपल्याला आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के जागा राखल्या गेल्या. आणि १९५१ मध्ये, स्वतंत्र देशाची, आपल्या घटनेखालची खुर्ची हिंदू कोड बिलासाठी सोडून ते चालते झाले. उठता येणं, हे ज्याला जमतं त्यानंच बसावं असं मला वाटतं.

नंतरचं सांगताना जीभ जड होते. १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष झाला आणि वर्ष-दोन वर्षांत दोन तुकडे. कोटवाले आणि धोतरवाले. पुढारी सुशिक्षित की अडाणी यावर आपण भांडलो, तो कुणाला बांधलेला आहे यावर नाही! दादासाहेब गायकवाडांनी मात्र १९५९ मध्ये आणि मग १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांचा सत्याग्रह काढला, लाखो माणसं तुरुंगात गेली. आमच्या आज्याचा थोरला भाऊ त्यात होता असं घरात सांगतात. तेच दादासाहेब १९६७ च्या सुमाराला काँग्रेसशी युती करून बसले. मी त्यांना दलाल म्हणणार नाही, म्हणणाऱ्याचं थोबाड रंगवीन. पण त्या युतीनंतर दोन-चार जागांसाठी रांग लावायची सवय लागली, ती अजून गेलेली नाही. आणि पँथरवाल्यांनी तरी काय केलं? दोन वर्षांत फूट. पुढं त्यातलेही कितीतरी दिलेल्या खुर्च्यांवर जाऊन बसले. मी या मासिकात लिहितो, म्हणून हे लपवू का?

मातांझिमा व्हायला आफ्रिकेला जावं लागत नाही. १९९३ पासून सरपंचपदही राखीव झालं, आणि गावोगाव शिक्का एकीचा, कपाट दुसऱ्याच्या वाड्यात.

माझी एक मावशी अशीच सरपंच झाली. गाव सांगत नाही, तिला तिथंच राहायचंय. राखीव बाईची जागा निघाली, वाड्यावरच्यांनी हिला उभी केली, कारण हिला सही करता येते पण वाचायला अडखळते. दोन वर्षं ती खुर्चीच्या कडेवर बसली. पोरगा म्हणायचा, "आई, नीट टेकून बस की." ती म्हणायची, "सवं नाय रं." मग एक दिवस ठराव आला. गायरान कुठल्याशा संस्थेला द्यायचं. त्या गायरानावर आपली आणि पारध्यांची चाळीस घरं, काही तर माझ्या जन्माच्या आधीची. ग्रामसेवकानं नेहमीसारखं बोट ठेवलं, "मावशी, इथं." तिनं पेन खाली ठेवला. "वाचून दाखवा." "अहो, रोजचंच आहे." "मंग रोजच्यावानी वाचा की."

वाचून दाखवल्यावर तिनं सही केली नाही. आठ दिवसांत अविश्वासाचा ठराव. बाईसरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सभासद लागतात, ते वाड्याला जमवायला काय जड? ती पडली. जागा राखीव, म्हणून पुढचीही आपलीच बाई बसवली, आणि ती सही करायला तयार होती. तिला शिव्या देऊ नका, तिचा नवरा त्यांच्याच ट्रॅक्टरवर आहे. पण सहीच्या दिवशी त्या चाळीस घरांतल्या बायका, पारध्यांच्या बायका, लेकरं काखेला घेऊन ग्रामपंचायतीच्या दारात येऊन बसल्या, आणि पुढं मावशी. आता तिच्याकडं खुर्ची नव्हती, म्हणून खालीच बसली. नव्या सरपंचबाई दारापर्यंत आल्या, त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं, आणि "मला बरं वाटत नाही" म्हणून माघारी गेल्या.

तो ठराव अजून तसाच आहे. परवा फोनवर मावशी विचारत होती, "तू त्या आफ्रिकंच्या कुणाचं सांगत व्हतास, त्याला बी खुर्ची काढून घेतली व्हती, मंग परत कशी मिळाली?" मी कोर्टाचं सांगितलं. ती म्हणाली, "मंग आपल्याला वकील बघ."

वकील बघतोय. इथं कुणाच्या ओळखीचा असला तर बैठक झाल्यावर मला भेटा. जय भीम.